एसयूव्हीत डॅशकॅमला वीज कुठून घ्यायची: फ्यूज टॅप, अर्थिंग आणि बाकीच्या ॲक्सेसरीज

डॅशकॅमच्या डब्यातला चार्जर सिगरेट सॉकेटमध्ये खुपसला की कॅमेरा लगेच चालू होतो, पण ती सोय फार दिवस पुरत नाही. वायर डॅशबोर्डवर लोंबते, सॉकेट कायमचं अडकतं आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप लावायचा तर कॅमेरा काढावा लागतो. स्प्लिटर लावला तर पंप सुरू होताना सॉकेटचं व्होल्टेज क्षणभर पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. पंपाने फ्यूज उडवला तर कॅमेराही बंद, आणि ते लक्षात येईपर्यंत कित्येक दिवसांचं रेकॉर्डिंग गेलेलं असतं. म्युझिक सिस्टीमच्या यूएसबी पोर्टचा पर्याय त्याहून कच्चा. असे बरेच पोर्ट जेमतेम अर्धा ॲम्पियर देतात, कॅमेऱ्याला ५ व्होल्टवर एक ते दीड ॲम्पियर लागतो. शिवाय त्या पोर्टला जोडल्यावर काही कॅमेरे स्वतःला पेन ड्राइव्ह समजून रेकॉर्डिंगच करत नाहीत.

म्हणून वीज घ्यायची ती फ्यूज बॉक्समधून, हार्डवायर किट लावून. किट म्हणजे १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारी काड्यापेटीएवढी डबी. तिच्या एका बाजूला कॅमेऱ्यात जाणारी पिन, दुसऱ्या बाजूला तीन वायरी: कायम वीज असलेली, इग्निशनबरोबर येणारी आणि अर्थ. बहुतेक किटमध्ये पिवळी कायमची, लाल इग्निशनची आणि काळी अर्थची असते. काही कंपन्या पिवळी आणि लाल उलट वापरतात, त्यामुळे रंगावर विसंबू नका, वायरीवरचं लेबल वाचा. या दोन वायरींची अदलाबदल झाली तर इग्निशन बंद करताच कॅमेरा बंद पडतो आणि पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग, कधीच सुरू होत नाही. दोन्ही कायमच्या लाइनवर गेल्या तर कॅमेऱ्याला गाडी सतत चालूच आहे असं वाटतं, तो रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करतो आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नाही.

आधी पार्किंग मोड हवाय का ते ठरवा

पार्किंग मोडमध्ये साधारण कॅमेरा १२ व्होल्टच्या बाजूने ०.२५ ते ०.४ ॲम्पियर घेतो, पुढचा-मागचा जोड असेल तर थोडा जास्त. ०.३ धरला तर दहा तासांच्या रात्रीत ३ ॲम्पियर-तास गेले. ६५ ॲम्पियर-तासांच्या बॅटरीपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, आणि कागदावर अर्धी बॅटरी उतरायला चार दिवस लागतात. पण बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली की तिची क्षमता घटलेली असते. त्यात सकाळी तीन किलोमीटरवर ऑफिस, संध्याकाळी तीन किलोमीटर परत असा वापर असेल तर रात्री गेलेला चार्ज दिवसा भरून येतच नाही. रोज थोडी तूट साचत जाते आणि एखाद्या थंडीच्या सकाळी डिझेल इंजिन फिरायला नकार देतं.

गाडी सोसायटीच्या बंद आवारात उभी राहत असेल तर पार्किंग मोड न लावणं उत्तम. किटची कायमची आणि इग्निशनची वायर एकत्र करून दोन्ही इग्निशनच्या लाइनला जोडा, विषय संपला. रस्त्यावर गाडी लागत असेल आणि कोण घासून जातं ते पाहायचं असेल, तर मात्र किटवरचा लो-व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की पुरवठा तोडणारी सोय, नीट लावा. सहसा ११.८, १२.०, १२.२ आणि १२.४ व्होल्ट असे पर्याय असतात. विश्रांतीतल्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज पूर्ण चार्जला १२.६ ते १२.७ असतं, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. म्हणजे किटवर ११.८ निवडणं हे बॅटरी जवळजवळ रिकामी करायला परवानगी देणं आहे. डिझेल एसयूव्हीला १२.४ ठेवा, पेट्रोलला १२.२ चालेल. विमानतळावर आठवडाभर गाडी ठेवून जाणार असाल तर पार्किंग मोड हाताने बंद करून जा.

नव्या गाड्यांपैकी काहींमध्ये अल्टरनेटर गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो. अशा गाडीत चालतानाही व्होल्टेज मधूनमधून १२.५ च्या आसपास उतरतं. कट-ऑफ १२.४ ला असेल तर किट पुरवठा तोडतो आणि कॅमेरा भर रस्त्यात बंद होतो. असं घडलं तर कॅमेरा बिघडलाय असं समजून दुकानात पळू नका. कट-ऑफ एक पायरी खाली आणून पाहा.

सामान

डिजिटल मल्टिमीटर, दोन फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसवून तिथून जादा वायर काढायचा जोड), २ किंवा ३ ॲम्पियरचे दोन फ्यूज, अर्थसाठी ६ मि.मी. भोकाचा रिंग लग, क्रिम्पिंग पक्कड, दहा नंबरचा पाना, ट्रिम उचकटायची प्लॅस्टिकची पट्टी, झिप टाय आणि गाडीच्या हार्नेसवर (मूळ वायरींच्या जुडग्यावर) असते तशी कापडी टेप. साधी पीव्हीसी टेप नको, उन्हात तिचा गोंद वितळून सगळं चिकट होतं.

फ्यूज टॅप विकत घेण्याआधी गाडीतला एक फ्यूज काढून बरोबर न्या. मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी वरून सारखेच दिसतात. मिनीचे पाय प्लॅस्टिकच्या खाली स्पष्ट बाहेर आलेले असतात, लो-प्रोफाइलचे जवळजवळ अंगालाच संपतात. मायक्रो-२ अरुंद आणि उभट असतो. चुकीच्या मापाचा टॅप जोर लावला की बसतो खरा, पण बॉक्समधली पितळी पकड फाकते. मग मूळ फ्यूजही तिथे सैल राहतो, संपर्क गरम होतो आणि प्लॅस्टिक काळं पडतं.

लाइन शोधणं

बहुतेक एसयूव्हींमध्ये केबिनचा फ्यूज बॉक्स डॅशबोर्डच्या खाली ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो, दुसरा बॉनेटखाली. आपल्याला केबिनमधला हवा. नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो. इग्निशनच्या लाइनसाठी १२ व्होल्ट सॉकेट किंवा मागचा वायपर चांगला. एअरबॅग, एबीएस, इंजिन ईसीयू, फ्युएल पंप, स्टिअरिंग आणि ब्रेक लाइट या फ्यूजना हात लावायचा नाही, जागा कितीही सोयीची असली तरी.

कायमच्या लाइनसाठी लोक सरळ आतल्या दिव्याचा फ्यूज घेतात आणि इथेच फसतात. अनेक गाड्यांमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी तो सर्किट गाडी लॉक केल्यावर काही मिनिटांनी आपोआप कापला जातो. इग्निशन बंद करून लगेच मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो, पण अर्ध्या तासाने तिथे शून्य असतं. खरी चाचणी अशी: दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला दार मिटलं असं वाटेल. किल्लीने लॉक करा, अर्धा तास थांबा आणि मग मोजा. तेव्हाही १२ व्होल्ट असतील तरच ती लाइन कायमची. काम झाल्यावर आधी अनलॉक करून हँडल ओढा, लॅच उघडू द्या आणि मगच दार लावा, नाहीतर लॅच आपटून वाकतं.

टॅप बसवणं

टॅपमध्ये दोन खाचा असतात. पायांजवळच्या खाचेत गाडीचा मूळ फ्यूज जातो, दुसरीत आपला २ किंवा ३ ॲम्पियरचा. वायरीला मोठा फ्यूज चालेल असं समजून १० ॲम्पियरचा घालू नका. फ्यूज वायरीचं रक्षण करतो. किटची वायर बारीक असते, तिच्यात कुठे शॉर्ट झाला तर १० ॲम्पियरचा फ्यूज शाबूत राहून तिचं इन्सुलेशन आधी वितळू शकतं. फ्यूजच्या रंगावरून ओळख पक्की ठेवा: २ करडा, ३ जांभळा, ५ खाकी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा.

टॅप दोन्ही दिशांनी बसतो, पण बरोबर दिशा एकच. मूळ फ्यूज काढल्यावर रिकाम्या खाचेच्या ज्या बाजूला १२ व्होल्ट मिळतात ती पुरवठ्याची बाजू, आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना सामायिक असलेला पाय तिथे यायला हवा. सामायिक पाय कोणता हे डोळ्यांनी कळत नसेल तर सोपी युक्ती आहे. टॅप बसवा, मूळ फ्यूज न घालता फक्त आपला छोटा फ्यूज घाला आणि इग्निशन चालू करा. टॅपच्या वायरीत वीज आली तर दिशा बरोबर. नाही आली तर टॅप उलटा फिरवा. उलटा राहिला तरी मूळ फ्यूज घातल्यावर कॅमेरा चालतो, म्हणून ही चूक लपून राहते. पण तेव्हा कॅमेऱ्याचा भार मूळ फ्यूजमधूनच जातो आणि टायरच्या पंपाने तो उडवला की कॅमेरा पुन्हा बंद, म्हणजे एवढी मेहनत करून आपण स्प्लिटरवरच परत आलो.

अर्थसाठी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर घट्ट बसलेला बोल्ट शोधा. रंग लावलेला बोल्ट, प्लॅस्टिकमध्ये बसलेला स्क्रू किंवा दाराचा बिजागर चालत नाही. मल्टिमीटरचं एक टोक बोल्टवर, दुसरं ज्ञात चांगल्या अर्थवर ठेवून रोध मोजा, एक ओहमच्या आत हवा. थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला जोडायचा मोह टाळा. अनेक नव्या गाड्यांत तिथे बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याला वगळून घेतलेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही. कोकणपट्टीत खारी हवा लगला हिरवा गंज चढवते, तिथे बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. कॅमेरा खड्ड्यांवर रीस्टार्ट होत असेल तर दहापैकी बहुतेक वेळा दोष याच बोल्टचा असतो.

वायर ओढणं

वायर वरून खाली न्या: काचेच्या वरच्या कडेला छताच्या अस्तरात बोटाने सरकवा, मग पुढच्या पिलरमधून डॅशबोर्डच्या बाजूला आणि खाली फ्यूज बॉक्सपर्यंत. पिलरवर एअरबॅग असं कोरलेलं असेल तर आत कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) घडी करून ठेवलेली आहे. वायर तिच्या मागून, गाडीच्या मूळ हार्नेसला धरून गेली पाहिजे, आणि तिथेच झिप टायने बांधायची. एअरबॅगच्या समोरून नेलेली वायर धडकेच्या वेळी तोंडावर फेकली जाते. या भागात खात्री नसेल तर एवढं काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून करून घ्या.

किटची डबी फोमच्या पट्टीत गुंडाळून हार्नेसला बांधा, म्हणजे खडखड होणार नाही. स्टिअरिंगच्या रॉडजवळ किंवा पेडलच्या वर काहीही लोंबतं राहता कामा नये. उरलेल्या वायरीची गुंडाळी अँटेनाच्या वायरीपासून लांब ठेवा. एफएमवर खरखर आली तर आधी तीच हलवून पाहा, मग वायरीवर फेराइट कोअर (खरखर अडवणारी चुंबकीय कडी) लावा.

कॅमेरा चिकटवणं

आपल्याकडे उजव्या हाताचं स्टिअरिंग, म्हणून कॅमेरा आरशाच्या डाव्या बाजूला, वायपर जिथपर्यंत काच पुसतो त्या हद्दीत. एडीएएस (कॅमेऱ्याच्या मदतीने ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आरशामागचा कॅमेरा झाकला जाता कामा नये, त्याच्या नजरेत आपली वायरही येऊ देऊ नका. काचेच्या कडेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीवर स्टँडची टेप नीट धरत नाही. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पावसाळ्यात आतली दमट वाफ पूर्ण सुकू द्या, स्टँड अर्धा मिनिट दाबून धरा आणि शक्य असेल तर कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा. टेपला पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात.

नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीत काचेजवळ तापमान ६० अंशांपलीकडे सहज पोचतं. लिथियम बॅटरीचा कॅमेरा तिथे फुगतो. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (उष्णता सोसणारा वीज साठवणारा भाग) असलेलाच घ्या. मेमरी कार्डही हाय-एन्ड्युरन्स, म्हणजे सतत लिहिणं-पुसणं सोसणारं, हवं. १५ मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला पावणेसात जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड नऊ तासांत एकदा पूर्ण पुसून लिहिलं जातं. साधं कार्ड ही झीज फार काळ सोसत नाही. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

मागच्या कॅमेऱ्याला तीन रांगांच्या गाडीत सहा मीटरची वायर अपुरी पडते, आठ-नऊ मीटरची मागा. छताच्या कडेने मागे न्या आणि डिकीच्या बिजागराजवळच्या रबरी नळीतूनच आत घाला. बाहेरून नेलेली वायर दार उघड-बंद होताना चेपून तुटते. रबराला थोडा सिलिकॉन स्प्रे मारला की वायर सरकते. डिकी पूर्ण उघडून पाहा, वायर ताणली जाऊ नये. मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या (वाफ घालवणाऱ्या) रेषांवर टेप लावली तर काढताना रेषाच निघून येते.

जादा दिवे आणि पंप

इथे फ्यूज टॅप चालणार नाही. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टला नऊ ॲम्पियरच्या वर. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत १५ ॲम्पियरचा फ्यूज, तिथून २.५ चौ. मि.मी. वायर रिलेच्या (छोट्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीच्या) ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना. ८५ अर्थला, ८६ स्विचमधून इग्निशनच्या लाइनला. फ्यूज बॅटरीपासून लांब ठेवला तर मधल्या वायरीला कुणाचंच संरक्षण उरत नाही, आणि बॉनेटखाली घासून उघडी पडते ती हीच वायर. केबिनमध्ये येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

टायरचा पंप सॉकेटवरच चालवा, इंजिन चालू ठेवून, पण आधी सॉकेटवर लिहिलेले वॉट वाचा. १२० वॉट म्हणजे १० ॲम्पियर. पंपावर १५ ॲम्पियर छापलेलं असेल तर तो बॅटरीला चिमटे लावून चालवायचा. बुल बारचा विचार मात्र सोडूनच द्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, आणि धडकेचा जोर शोषायची गाडीची मूळ रचनाही त्याने बिघडते.

सगळं बसल्यावर गाडी लॉक करून एक रात्र ठेवा. सकाळी दार उघडण्यापूर्वीचं व्होल्टेज कळावं म्हणून बॉनेट आदल्या रात्री नुसतं टेकवून ठेवा, बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.४ च्या वर असेल तर जोडणी ठीक. त्याखाली असेल तर टॅपमधून कॅमेऱ्याचे फ्यूज काढून दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा. आकडा सुधारला तर कट-ऑफ वाढवा किंवा पार्किंग मोड बंद करा, तसाच राहिला तर बॅटरी तपासून घ्या.