फँटसी फुटबॉलमध्ये फ्लेक्सची जागा कशी वापरावी

फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बनवून त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ. त्यातल्या लाइनअपमधील, म्हणजे त्या आठवड्यात खेळवायच्या खेळाडूंच्या यादीतील, बहुतेक जागा आधीच ठरलेल्या असतात. ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या नेहमीच्या लीगमध्ये एक क्वार्टरबॅक (पास टाकणारा), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), एक डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचावफळी) आणि एक किकर अशा आठ जागा भरल्यावर नववी जागा उरते ती फ्लेक्सची. तिथे रनिंग बॅक, वाइड रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कोणालाही बसवता येते. बरेच जण आठ जागा विचारपूर्वक भरतात आणि फ्लेक्समध्ये उरलेल्यांपैकी त्यातल्या त्यात नावाजलेला खेळाडू टाकून मोकळे होतात. हे मला मुळीच पटत नाही. पहिल्या पसंतीच्या खेळाडूंना खेळवायचे हे दर आठवड्याला ठरलेलेच असते. खरी निवड करावी लागते ती याच जागेसाठी.

सर्वप्रथम आपल्या लीगचे गुणांचे नियम नीट वाचावेत. धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यावर, सहा गुण हे जवळपास सगळीकडे सारखे असते. फरक पडतो तो झेलाला गुण आहे की नाही यावर. समजा, एका रनिंग बॅकने बारा वेळा चेंडू घेऊन ४८ यार्ड काढले आणि सहा यार्डांचा एक झेल घेतला, तर दुसऱ्या बाजूला एका वाइड रिसीव्हरने सहा झेलांत ५८ यार्ड मिळवले. झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये त्यांचे अनुक्रमे ५.४ आणि ५.८ गुण होतात, म्हणजे दोघे तुल्यबळ ठरतात. पूर्ण पीपीआरमध्ये, म्हणजे प्रत्येक झेलाला एक गुण असताना, तेच आकडे ६.४ आणि ११.८ असे होतात. म्हणून पीपीआर लीगमध्ये फ्लेक्ससाठी आधी वाइड रिसीव्हरकडे पाहावे किंवा झेल घेणाऱ्या रनिंग बॅककडे. २०१९ च्या हंगामात कॅरोलायना पँथर्सच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने ११६ झेल घेतले होते. पीपीआरमध्ये यार्ड आणि टचडाउन मोजण्याआधीच त्याचे ११६ गुण झालेले होते. असा खेळाडू फ्लेक्ससाठी उरणार नाही हे उघड आहे, पण त्याच पद्धतीने वापरले जाणारे, तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, मैदानावर येणारे कमी प्रसिद्ध रनिंग बॅक बहुतेक संघांकडे असतात आणि ते वेव्हरवरही, म्हणजे लीगमध्ये कोणीही न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीतही, सापडतात. दुसरा टाइट एंड मात्र फ्लेक्समध्ये क्वचितच परवडतो, कारण आघाडीचे मोजके टाइट एंड सोडले तर बाकीच्यांचे गुण टचडाउन मिळाला तरच दिसतात.

दोन खेळाडूंमध्ये निवड करताना मागच्या आठवड्याच्या गुणांपेक्षा त्यांना किती संधी मिळाली ते पाहावे. रिसीव्हरच्या दिशेने किती पास टाकले गेले, म्हणजे त्याचे टार्गेट किती, रनिंग बॅकला किती कॅरी मिळाल्या, म्हणजे धावण्यासाठी किती वेळा चेंडू मिळाला, आणि दोघे किती स्नॅप, म्हणजे किती चालींसाठी, मैदानावर होते, हे आकडे आठवड्यागणिक फारसे बदलत नाहीत. टचडाउन मात्र बदलतात. दोन टार्गेटवर एक लांब टचडाउन करणाऱ्यापेक्षा नऊ टार्गेटवर पाच झेल घेणारा पुढच्या आठवड्यासाठी अधिक भरवशाचा असतो. सामना कसा रंगेल याचाही अंदाज घ्यावा. आघाडीवर असलेला संघ वेळ संपवण्यासाठी चेंडू रनिंग बॅककडे देतो, तर पिछाडीवर पडलेल्या संघाला पास टाकण्यावाचून गत्यंतर नसते. हवामानाचे म्हणाल, तर पावसाला घाबरण्याचे फारसे कारण नाही. जोरदार वारा असेल तर मात्र लांब पासवर अवलंबून असलेला रिसीव्हर टाळावा.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट सांगतो, ती म्हणजे सामन्यांच्या वेळा. एनएफएलचा आठवडा साधारणपणे गुरुवारी रात्री सुरू होतो आणि सोमवारी रात्री संपतो; खेळाडूचा सामना सुरू झाला की तो ज्या जागेवर असेल तिथेच अडकतो. म्हणून गुरुवारी खेळणारा खेळाडू कधीही फ्लेक्समध्ये ठेवू नये. तो ज्या जागेचा आहे त्याच जागेवर बसवावा आणि फ्लेक्समध्ये सर्वांत उशिरा खेळणारा ठेवावा. हे उदाहरणाने स्पष्ट होईल. गुरुवारी खेळलेला रनिंग बॅक फ्लेक्समध्ये आहे, रविवारी दुपारी आपला एक रनिंग बॅक खेळणार नसल्याचे कळते आणि बेंचवर फक्त एक वाइड रिसीव्हर शिल्लक आहे. रनिंग बॅकच्या जागेवर त्याला बसवता येत नाही, त्यामुळे तिथे शून्य स्वीकारावा लागतो. हाच गुरुवारचा खेळाडू रनिंग बॅकच्या जागेवर आणि रविवारी रात्री खेळणारा तिसरा रनिंग बॅक फ्लेक्समध्ये असता, तर त्या रनिंग बॅकला रिकाम्या जागेवर सरकवून बेंचवरचा रिसीव्हर फ्लेक्समध्ये आणता आला असता. खेळाडू तेच, पण मांडणी बदलल्याने एक अख्खी जागा वाचते.

दुखापतींचे अहवाल साधारणपणे बुधवार ते शुक्रवार येतात आणि त्यांत खेळाडूला क्वेश्चनेबल (खेळणे अनिश्चित), डाउटफुल (खेळण्याची शक्यता कमी) किंवा आउट (खेळणार नाही) असा शेरा मिळतो. न खेळणाऱ्यांची अंतिम यादी मात्र सामन्याच्या ९० मिनिटे आधी जाहीर होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकला सुरू होणाऱ्या सामन्यांची यादी साडेअकराला येते. पुण्याहून किंवा मुंबईहून अमेरिकेतल्या सहकाऱ्यांच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांसाठी ही वेळ रात्री नऊची असते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळे मागे गेली की रात्री दहाची होते. त्या वेळी पाच मिनिटे काढून लाइनअप तपासावी. लंडनमध्ये होणारे सामने मात्र पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी साडेनऊला सुरू होतात, त्यामुळे त्या आठवड्यात हा हिशेब आधीच करावा लागतो. रविवार रात्रीचा आणि सोमवार रात्रीचा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाच्या सुमारास, आणि तिकडची घड्याळे मागे गेल्यावर पावणेसातच्या सुमारास, सुरू होतो. अशा सामन्यातला क्वेश्चनेबल खेळाडू फ्लेक्समध्ये ठेवायचा असेल, तर त्याच सामन्यात खेळणारा एखादा पर्याय बेंचवर असलाच पाहिजे, आणि तो त्याच संघाचा दुसरा रनिंग बॅक असेल तर फारच उत्तम. पर्याय नसेल, तर रविवारी दुपारीच दुसरा, तंदुरुस्त खेळाडू बसवावा.

प्रतिस्पर्ध्याचा संघही पाहावा. आपला संघ वरचढ असेल, तर दर आठवड्याला आठ-दहा गुण हमखास देणारा खेळाडू फ्लेक्समध्ये योग्य ठरतो. आपण मागे असू आणि सोमवारच्या एकाच खेळाडूकडून अठरा गुण हवे असतील, तर हमखास नऊ गुण देणाऱ्याचा उपयोग नाही. तिथे लांब पासवर टचडाउन करू शकणारा, पण एरवी बेभरवशाचा असलेला रिसीव्हर निवडणेच शहाणपणाचे असते.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे हंगामाआधी आळीपाळीने खेळाडू निवडताना, फ्लेक्ससाठी म्हणून वेगळा खेळाडू शोधू नये. पहिल्या सात-आठ फेऱ्यांत रनिंग बॅक आणि वाइड रिसीव्हर यांच्यातला जो उत्तम उरला असेल तो घेत जावे, फ्लेक्स आपोआप भरते. बेंचवर दुसरा किकर किंवा दुसरा डिफेन्स ठेवण्यापेक्षा ती जागा अशा रनिंग बॅकला द्यावी, ज्याच्या पुढचा खेळाडू जखमी झाला की त्याला पंधरा-वीस कॅरी मिळू लागतील. प्रत्येक संघाला हंगामात एक आठवडा सुट्टी असते, म्हणून फ्लेक्सचे दोन-तीन उमेदवार एकाच आठवड्यात सुट्टीवर जाणार नाहीत एवढेही पाहावे.

लीगमध्ये सुपरफ्लेक्स असेल, तर हिशेब बदलतो, कारण तिथे क्वार्टरबॅकलाही बसवता येते. दर २५ पासिंग यार्डांना एक आणि पासिंग टचडाउनला चार गुण धरले, तर २४० यार्ड आणि एक टचडाउन अशा साध्या कामगिरीचेही १३.६ गुण होतात, आणि वर दाखवलेल्या सहा झेलांच्या रिसीव्हरपेक्षाही ते जास्त आहेत. त्यामुळे सुपरफ्लेक्समध्ये दुसरा क्वार्टरबॅकच खेळवावा आणि सुट्टीच्या आठवड्यांसाठी तिसराही ड्राफ्टमध्येच घेऊन ठेवावा. बारा जणांच्या लीगमध्ये नियमित खेळणारा क्वार्टरबॅक वेव्हरवर मिळणे जवळपास अशक्य असते.