फील्ड टेस्ट शिकताना

फील्ड टेस्ट म्हणजे समोर बघत असताना आजूबाजूचं किती दिसतं याची डोळ्यांची तपासणी: यंत्र ठिपक्यांसारखे दिवे दाखवतं, दिसला की पेशंटने बटण दाबायचं. इंटर्नशिपमध्ये पहिल्यांदा त्या खोलीत बसले, तेव्हा वाटलं होतं की काम यंत्रच करतं, आपण फक्त नाव आणि वय भरायचं. हा समज एका आजोबांच्या रिपोर्टने मोडला. कडेने सगळं काळं, म्हणजे न दिसलेलं, आणि मध्ये चार पाकळ्यांसारखा उजळ भाग. यंत्र आधी नजरेच्या क्षेत्राच्या चारही चतुर्थांशांत एकेक बिंदू तपासतं. तेवढे नीट आले होते, पुढे आजोबा थकले आणि बटण दाबायचेच थांबले. मी त्यांना काही समजावलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी शेजारी बसून सांगितलं, "आजोबा, निम्मे ठिपके तुम्हाला दिसणारच नाहीत, सगळ्यांचं तसंच होतं. नजर समोरच्या दिव्यावर ठेवा. दमलात तर बटण दाबून धरा, टेस्ट थांबेल." आता नाकाच्या बाजूला छोटासाच दोष उरला, काचबिंदूत सुरुवातीला दिसतो तसा.

नवख्यांनी हे 'निम्मे दिसणार नाहीत' वाक्य आधी पाठ करावं. जेमतेम दिसेल इतका मंद प्रकाश शोधणं हेच यंत्राचं काम असल्यामुळे ते मुद्दाम अंधुक ठिपके दाखवतं. हे न सांगितल्यास माणूस घाबरून न दिसताही बटण दाबत सुटतो आणि खरा दोष झाकला जातो.

बसवतानाही घाई नको. जवळचा नंबर लावलेली भिंग डोळ्यापासून लांब राहिली, तर तिच्या कडेची सावली रिपोर्टमध्ये दोष होऊन उतरते. पापणी खाली आलेली असेल तर चिकटपट्टीने उचलून घ्या, नाहीतर वरचा भाग काळा येतो. 'फिक्सेशन लॉस', म्हणजे नजर समोरून हलल्याची यंत्राने केलेली नोंद, वाढत असेल तर लगेच पेशंटला दोष देऊ नका. ही नोंद यंत्र अंधबिंदूवर, म्हणजे प्रत्येक डोळ्याला मुळातच न दिसणाऱ्या जागेवर, ठिपका दाखवून करतं आणि डोकं जरा तिरकं झालं की ती जागा सरकते. डोकं सरळ करून अंधबिंदू पुन्हा शोधायला लावा.

कुठले बिंदू तपासायचे याचे ठरलेले नमुने असतात. नेहमीच्या २४-२ मध्ये ५४ बिंदू असतात, ६ अंशांच्या अंतराने. दोष अगदी मध्याजवळ असेल तर १०-२ घ्यायला सुचवा, त्यात २ अंशांवर ६८ बिंदू असतात. पण वर्षानुवर्षं तुलना करायची असेल तर प्रत्येक वेळी तोच नमुना आणि तीच पद्धत ठेवा. पहिली टेस्ट बहुधा सरावातच जाते, म्हणून पायाभूत नोंदीसाठी निदान दोन चांगल्या टेस्ट हव्यात. एकाच रिपोर्टवरून 'वाढलं' असं पेशंटसमोर बोलू नका. तेच बिंदू पुढच्या टेस्टमध्येही खालावलेले दिसले, तर मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. काचबिंदूत गेलेलं क्षेत्र परत येत नाही.