पाडव्याच्या बुकिंगआधी साइटची तयारी

देवगडच्या एका बागायतदार काकांची आंब्याची साइट मी सांभाळतो. वर्षातले दहा-अकरा महिने तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि पाडव्याला सकाळी नऊला बुकिंग उघडलं की सगळे एकदम दारात. तत्काळ तिकिटाचं दहाच्या ठोक्याला जे होतं तेच, फक्त लहान प्रमाणावर. तीन वर्षांपूर्वी नऊ वाजून चार मिनिटांनी काकांचा फोन आला, "अरे, साइट उघडना नाय." तेव्हापासून माघ संपला की मी ही यादी काढून बसतो. राख्या, दिवाळी अंक, शिबिराची नोंदणी असं एकाच मुहूर्तावर उघडणारं काही तुमच्याकडे असेल, तर तुम्हालाही ती बहुतेक जशीच्या तशी चालेल.

कोडला हात लावायच्या आधी साइट आज कशी चालते ते मोजून, तारखेसह लिहून ठेवा. लाइटहाऊस हे साइटचा वेग मोजणारं साधन क्रोममध्येच असतं, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. मोबाइलची चाचणी निवडली की ते १.६ मेगाबिटचं नेट आणि चौपट मंद प्रोसेसर गृहीत धरतं. आपल्या ऑफिसच्या फायबरपेक्षा हे ग्राहकाच्या परिस्थितीच्या बरंच जवळ आहे. एकदा चालवून आलेल्या आकड्यावर मात्र जाऊ नका, तो दर वेळी हलतो. पाच वेळा चालवा आणि मधला आकडा धरा. चाचणी इन्कॉग्निटो खिडकीत करा, नाहीतर तुमच्याच एक्स्टेन्शनचा भार साइटच्या नावावर पडेल.

लाइटहाऊसचे गुण म्हणजे सराव परीक्षा. खरा निकाल लागतो तो खऱ्या माणसांच्या फोनवर, आणि तो गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात वरच्या भागात दिसतो. तिथे तीन गोष्टी बघायच्या: पानावरची सर्वांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसते का (एलसीपी), बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत पान प्रतिसाद देतं का (आयएनपी, मार्च २०२४ मध्ये हे जुन्या एफआयडी या मापाच्या जागी आलं), आणि मजकूर उड्या मारतो का (सीएलएस, ०.१ च्या आत हवा). हे आकडे सरासरीचे नसतात. शंभरातल्या पंचाहत्तर भेटींना तेवढं मिळालं पाहिजे. यातली एक गोम अशी की हा डेटा मागच्या २८ दिवसांचा असतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात केलेली सुधारणा तिथे धड उमटत नाही. आमच्यासारख्या हंगामी साइटला तर फाल्गुनात डेटाच नसतो, कारण तेवढी माणसंच आलेली नसतात. अशा वेळी घरातला जुना, तीन जीबी रॅमचा फोन शोधा, वायफाय बंद करा आणि स्वतः एक पेटी मागवून बघा. माझ्याकडे आईचा जुना फोन त्यासाठी राखून ठेवलेला आहे, आणि ती तो परत मागत असते.

आता फोटो. काका दर वर्षी बागेत जाऊन नवीन फोटो काढतात आणि थेट फोनमधून चढवतात. चार हजार पिक्सेल रुंदीचा, तीन एमबीचा आंबा. हिशेब करा: तीन एमबी म्हणजे २४ मेगाबिट, १.६ च्या वेगाने नुसत्या त्या फोटोला पंधरा सेकंद. तोच फोटो फोनच्या रुंदीचा करून वेबपी या हलक्या स्वरूपात दीडशे केबीचा केला की पाऊण सेकंद. बाकी सगळी कामं राहिली तरी चालतील, एवढं एक कराच. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, म्हणजे खालचं बटण सरकणार नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (तिथवर सरकल्यावरच फोटो उतरवणं) लावा, पण सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला चुकूनही लावू नका. तो तर आधी यायला हवा, त्याला उलट फेचप्रायॉरिटी हाय (हा आधी आण, असं ब्राउझरला सांगणारी खूण) द्या. मी एकदा सरसकट सगळ्यांना लेझी लावून खूश झालो होतो आणि एलसीपी सेकंदभराने वाढला होता.

देवनागरी फॉन्टबद्दल थोडं सविस्तर, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत हे सापडत नाही. आपल्या फॉन्टमध्ये नुसती बाराखडी नसते. क्ष, त्र, श्र, द्ध अशी जोडाक्षरं वेगळ्या आकृत्या म्हणून बसवलेली असतात, त्यामुळे फाइल रोमन फॉन्टपेक्षा जाड होते. वर आपण चार-चार वजनं लावतो. दोन पुरतात, नेहमीचं आणि ठळक. फाइल डब्ल्यूओएफएफ२ या दाबून लहान केलेल्या स्वरूपातच द्या, आपल्याच सर्व्हरवरून द्या आणि फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप ठेवा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनच्या फॉन्टमध्ये का होईना, भाव वाचता येतो. नको ती अक्षरं काढून फाइल छाटणार असाल तर जपून. युनिकोडमधला देवनागरीचा ब्लॉक, म्हणजे अक्षरांचा गट, ठेवला आणि बाकी सगळं उडवलं की ₹ जातं, कारण ते चिन्ह त्या ब्लॉकमध्ये नाहीच, चलनांच्या वेगळ्या ब्लॉकमध्ये आहे. शून्य रुंदीचा जोडक हा अक्षरं जोडायला लागणारा अदृश्य वर्णही बाहेरच राहतो. आणि छाटणाऱ्या साधनाने जोडाक्षरांचे नियम टाकून दिले तर 'रत्नागिरी'तला त् पाय मोडून उभा राहतो. म्हणून छाटल्यावर एका पानावर 'सुऱ्या, क्षेत्र, श्रद्धा, रत्नागिरी, ₹१२००' एवढं लिहून डोळ्यांनी तपासा. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (म्हणजे मराठी) लिहिलेली आहे ना तेही बघा. ज्या फॉन्टमध्ये मराठी ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथे ते एवढ्याशा नोंदीवरूनच ठरतात.

बाहेरच्या स्क्रिप्ट, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे आपल्या पानात बसवलेले कोड, मोजा. चॅटचा फुगा, दोन जाहिरात कंपन्यांचे पिक्सेल (माग ठेवणारे तुकडे), कुणीतरी कधीतरी लावलेला हीटमॅप (लोक कुठे क्लिक करतात ते दाखवणारा). प्रत्येकापुढे विचारा, हे पाडव्याला सकाळी नऊला कुणाच्या कामाचं आहे? उत्तर आलं नाही तर काढा.

इथपर्यंतची तयारी एका ग्राहकासाठी होती. गर्दीची तयारी वेगळी, आणि साइट बसते ती बहुधा तिथेच. आधी गर्दीचा आकडा काढा, अंदाजपंचे नको, मागच्या वर्षीच्या लॉगवरून, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींवरून. समजा पहिल्या दहा मिनिटांत तीन हजार माणसं येतात. सेकंदाला पाच, असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण निम्मी पहिल्या दोन मिनिटांतच येतात. एकेकाला पत्ता, पिनकोड, तारीख भरायला तीन मिनिटं लागतात. म्हणजे नऊ वाजून दोन मिनिटांनी आलेल्यातलं कुणीच अजून बाहेर पडलेलं नसतं आणि दीड हजार माणसं एकाच वेळी आत असतात. चाचणी ह्या आकाराची हवी.

चाचणीसाठी खोटी गर्दी पाठवणारं साधन लागतं: जेमीटर, के६ किंवा लोकस्ट, जे हाताला बसेल ते घ्या. मी के६ वापरतो, त्यात स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येते. जेमीटर वापरणार असाल तर खिडकी उघडून भार टाकू नका, कमांडवरून चालवा, नाहीतर जेमीटरच दमतो. स्क्रिप्टमध्ये नुसतं पहिलं पान ठोकत बसण्यात अर्थ नाही. माणूस जसा वागतो तसं हवं: पान उघडलं, थोडं वाचलं, पेटी टाकली, तारीख बदलली, पैसे भरायला गेला. मधली थांबणंही हवीत. भार दुसऱ्या यंत्रावरून टाका, त्याच सर्व्हरवरून नाही आणि ऑफिसच्या वायफायवरून तर नाहीच. आधी होस्टिंगवाल्यांना कळवा, नाहीतर ते तुम्हाला हल्लेखोर समजून बंद करतील. पेमेंट गेटवेच्या खऱ्या पत्त्यावर भार टाकायचा नाही, चाचणीचा पत्ता वापरा किंवा तेवढा भाग खोटा करा. आणि एसएमएस बंद केलेत का ते दोनदा बघा. पहिल्या वर्षी मी विसरलो. बाराशे खोट्या ऑर्डरींचे बाराशे खरे मेसेज काकांच्या नंबरवर गेले, आणि त्यांनी आनंदाने तोडणीला माणसं बोलावली.

निकालात सरासरी बघू नका. शंभरातल्या नव्वद जणांना अर्धा सेकंद आणि दहा जणांना वीस सेकंद लागले तर सरासरी अडीच सेकंदांच्याही खाली येते, पण त्या दहांचे फोन काकांना जातात. पंच्याण्णवावा शतमक (शंभरातल्या पंच्याण्णव जणांना जास्तीत जास्त किती वेळ लागला) बघा आणि चुकांची टक्केवारी बघा.

साइट मान टाकते तेव्हा बहुतेकदा दोन आकड्यांपाशी येऊन टाकते. आमची साइट पीएचपीवर आहे. पीएचपीचं काम वाटून देणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या मूळ सेटिंगमध्ये एका वेळी काम करणारे फक्त पाच असतात. एका विनंतीला अर्धा सेकंद लागत असेल तर सेकंदाला दहा विनंत्या, अकरावा रांगेत. तीन वर्षांपूर्वी आम्ही पडलो ते इथेच, आणि मजा म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर निवांत होता. मग घाईघाईत तो आकडा तीनशे केला. एकेकजण साठ एमबी खाणारा, म्हणजे अठरा जीबी, आणि मशीन चार जीबीचं. त्यातून मायएसक्यूएल, म्हणजे आमचा डेटाबेस, मुळात १५१ जोडण्याच घेतं, पुढच्याला दारातून परत पाठवतं. तेव्हा हे आकडे एकमेकांना धरून ठरवा: मेमरीतून डेटाबेसचा वाटा वजा, उरलेली भागिले एकेकाचा खुराक, आणि जोडण्या त्याच्या थोड्या वर. त्याहून चांगलं म्हणजे तो अर्धा सेकंदच कमी करणं. डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (मंद प्रश्नांची नोंद) चालू करा. आमच्याकडे उपलब्ध तारखा दाखवायला प्रत्येक तारखेमागे एक क्वेरी जात होती, पंचेचाळीस दिवसांच्या पंचेचाळीस. ती एक केली, तारखेच्या रकान्यावर इंडेक्स लावला, आणि मोठं मशीन घ्यायची गरज उरली नाही.

पहिलं पान, माहितीची पानं कॅशमधून (आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून) जाऊ द्या, पीएचपीपर्यंत येऊच देऊ नका. टोपली आणि पैसे भरण्याचं पान मात्र कॅशमधून वगळा. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसण्यापेक्षा साइट बंद पडलेली परवडली.

चाचणी संपल्यावर वेगाबरोबर हिशेबही तपासा. दोनशे पेट्या ठेवून भार टाका आणि ऑर्डरी मोजा. दोनशे सात निघाल्या तर शेवटची पेटी एकाच क्षणी अनेकांना विकली गेली आहे, आणि हे एकट्याने क्लिक करून जन्मात सापडत नाही. यूपीआयचंही तसंच. माणूस पैसे भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि जुना फोन मागे ब्राउझर मारून टाकतो. तो परत आलाच नाही तरी गेटवेच्या निरोपावर ऑर्डर पक्की झाली पाहिजे, आणि तोच निरोप दोनदा आला तर दोन ऑर्डरी होता कामा नयेत.

आदल्या दोन दिवसांत कोड बदलायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. डिस्कवर जागा आहे का, साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट मध्येच संपत नाही ना, रोजचा बॅकअप नेमका नऊला लागलेला नाही ना, एवढं बघून घ्या.

शेवटचं काम 'पेट्या संपल्या' हे पान. साडेनऊनंतर येणारे बहुतेक जण हेच बघणार असतात. ते साधं एचटीएमएल ठेवा, डेटाबेसला न विचारणारं, आणि पुढचं बुकिंग कधी ते त्यावर ठळक लिहा. मागच्या वर्षी मी त्यावर काकांचा फोन नंबर टाकला होता. काकांनी दुपारी फोन बंद करून काकूंकडे दिला, आणि यंदा तिथे नुसतं व्हॉट्सॲपचं बटण असेल असं बजावलंय.