पीएचडीसाठी संघटना नको, एक तंटा निवडा

एम.ए. झालेली मुलं येऊन सांगतात, "मॅडम, जागतिक व्यापार संघटनेवर पीएचडी करायचीय." माझं उत्तर ठरलेलं: संघटनेवर नको, तिच्यासमोर आलेल्या दोन देशांमधल्या एखाद्या तंट्यावर करा. माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक 'भारत आणि जागतिक व्यापार : एक अभ्यास' असं होतं. माहिती भरपूर होती, प्रश्न एकही नव्हता. त्यात माझं अख्खं वर्ष गेलं.

प्रत्येक तंट्याला क्रमांक असतो आणि कागदपत्रं संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सुरुवातीला डीएस 90 घ्या. परकीय चलनाची चणचण हे कारण देऊन भारताने 2,714 प्रकारच्या मालाच्या आयातीवर निर्बंध ठेवले होते. 1997 साली अमेरिकेने तक्रार केली. युरोपीय समुदाय, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि स्वित्झर्लंड यांनीही केली, पण या पाचांनी भारताशी समझोता केला. अमेरिका अडून बसली. तंटा ऐकणाऱ्या पॅनेलने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला विचारलं, तर निधी म्हणाला, भारताची गंगाजळी पुरेशी आहे. 1999 मध्ये भारत अपिलातही हरला आणि एप्रिल 2001 पर्यंत निर्बंध उठवले.

आता इथे थांबा. निकाल काय लागला, हे वकील सांगेल. आपण राज्यशास्त्रवाले, आपला प्रश्न वेगळा. तक्रार एकच असताना पाच जण तडजोडीला तयार होतात आणि सहावा का होत नाही? संघटनेचं मुख्यालय जिनिव्हात; तिच्याकडे पोलीस नाहीत, मग दिल्लीने निकाल का मानला? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट कोहेन यांनी 1984 साली मांडलेला मुद्दा इथे हाताशी ठेवा: संस्था देशांना हुकूम देत नाहीत, एकमेकांची माहिती देतात, म्हणून फसवणूक महाग पडते. पण हे उत्तर डीएस 90 ला पुरतं का, ते तपासा. अमेरिका बदला म्हणून भारतीय मालावर जादा शुल्क लावेल ही भीती होती, की दिल्लीतल्याच कुणाला निर्बंध उठायला हवे होते? मला दुसरी शक्यता फार महत्त्वाची वाटते. ती जिनिव्हाच्या कागदांत सापडणार नाही. त्यासाठी त्या वर्षांतल्या लोकसभेच्या चर्चा, आयात-निर्यात धोरणं आणि उद्योगसंघटनांची निवेदनं वाचावी लागतात.

वाचताना निकालाने सुरुवात करू नका. आधी सल्लामसलतीची विनंती, मग दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, शेवटी निष्कर्ष. तारीख, कोण बोललं आणि घरचं, म्हणजे देशातलं, कोण ऐकत होतं, असे तीन रकाने आखा. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि प्रबंध त्यातूनच उभा राहतो.

संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी शिका, पुढे ढकलू नका.

इतिहासाची ओढ असेल तर पुण्यात रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार आहे. 1944 साली अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला नाणेनिधी आणि जागतिक बँक उभारायला 44 देश जमले, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग रकमेचा, म्हणजे ब्रिटन भारताला देणं लागत असलेल्या पौंडांचा, प्रश्न त्या शिष्टमंडळाने तिथे मांडला, पण ब्रिटनने तो परिषदेत येऊ दिला नाही. पारतंत्र्यातला देश आपल्या सावकारीचा हिशेब मागतोय, यावर मराठीत अजून कितीतरी लिहायला हवं.

आराखडा नंतर. आधी त्या पाचांपैकी एकाचा समझोता उघडा आणि भारताने त्याला किती वर्षांची मुदत मागितली, ते पहिल्या रकान्यात लिहा.