रेगाटात (शिडाच्या बोटींच्या स्पर्धेत) नाव नोंदवताना या चुका टाळा

खाडी दारात असूनही ठाणे-नवी मुंबईच्या पोरांना सेलिंगसाठी कुलाबा गाठावा लागतो. ओहोटीला ठाण्याच्या खाडीत चिखलच चिखल. तिथे फ्लेमिंगो रमतात, ऑप्टिमिस्ट (लहान मुलांची एकट्याने चालवायची शिडाची बोट) रुतते. म्हणून पहाटेची लोकल, डबा, ओल्या कपड्यांची पिशवी. एवढा आटापिटा करून आलेलं पोर नोंदणीच्या टेबलाशी कागदापायी अडकलं की आधी वाईट वाटतं आणि मग, खरं सांगते, त्याच्या आईबाबांचा राग येतो. कारण दर हंगामाला चुका त्याच असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आयोजक कोण हे न बघता पैसे भरणं.

खारघरच्या एका गृहस्थांना व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर आलं. नावात ठळक ‘राष्ट्रीय’, खाली चार-पाच लोगो, त्यात एका क्लबचाही. मुलगा दहावीत, क्रीडा गुणांची आशा. त्यांनी फी भरली, हॉटेल घेतलं, बोट भाड्याने ठरवली. मुलगा जिंकलासुद्धा! मग शाळेमार्फत प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे गेला आणि विचारणा आली, की स्पर्धेला कोणत्या संघटनेची मान्यता आहे? ते प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आले. वाचलं तर आयोजक म्हणून एका इव्हेंट कंपनीचं नाव. क्लबला विचारलं, तर त्यांनी फक्त सेफ्टी बोटी भाड्याने दिल्या होत्या. “ताई, पण लोगो तर होता ना!” लोगो काय, कोणीही छापतो.

सेलिंगच्या नियमपुस्तकातला ८९.१ हा नियम यासाठीच आहे. रेगाटा कोणी भरवायची याची त्यात यादी आहे: वर्ल्ड सेलिंग (या खेळाची जागतिक संघटना), देशाची राष्ट्रीय संघटना (आपल्याकडे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया), तिच्याशी संलग्न क्लब, वगैरे. बाहेरच्या संस्थेला संलग्न क्लब जोडीला घ्यावा लागतो. ती संस्था त्या क्लबच्या मालकीची आणि ताब्यातली नसेल, तर वर अजून राष्ट्रीय संघटना आणि वर्ल्ड सेलिंग या दोघांचीही मंजुरी लागते. बोटी भाड्याने दिल्याने क्लब आयोजक होत नाही.

‘राष्ट्रीय’ हे नावही कोणालाही लावता येत नाही. त्याला राष्ट्रीय संघटनेची मंजुरी लागते. ती न घेता भरवलेली स्पर्धा वर्ल्ड सेलिंगच्या पात्रता नियमांनुसार निषिद्ध ठरते, आणि अशा स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची पात्रता निलंबित होऊ शकते. गृहस्थ म्हणाले, “चूक आयोजकाची, आणि शिक्षा माझ्या मुलाला?” त्या मुलावर कारवाई काही झाली नाही. पण नियमाचा रोख स्पष्ट आहे: स्पर्धा निषिद्ध आहे हे खेळाडूला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं. त्यातलं ‘असायला हवं होतं’ मला पटतं. बोटीच्या दोऱ्या महिनाभर निवडत बसणाऱ्यांना नोटीस ऑफ रेसचं, म्हणजे स्पर्धेच्या अधिकृत सूचनापत्राचं, पहिलं पान वाचायला दहा मिनिटं मिळू नयेत?

माझी सवय सांगते. पोस्टर मी बघतच नाही. नोटीस ऑफ रेस मागवते आणि आयोजक म्हणून कोणाचं नाव आहे ती ओळ शोधते. तिथे क्लबचं नाव असेल तर क्लबच्या कचेरीत फोन करून विचारते, “ही रेगाटा तुमची का?” उत्तर देताना समोरचा अडखळला तर विषय संपला. नोटीसच नसेल, “नंतर टाकतो ग्रुपवर” असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवावेत.

दुसरी चूक सदस्यत्वाची. नियम ७५ म्हणतो की बोटीची नोंद संलग्न क्लबने किंवा अशा क्लबच्या, नाहीतर राष्ट्रीय संघटनेच्या सदस्याने करायची. घोडबंदर रोडच्या एका बाबांनी मला सोसायटीच्या क्लबहाउसचं कार्ड दाखवलं होतं. स्विमिंग पूल, जिम, बॅडमिंटन, सगळं त्यावर होतं. थट्टा नव्हती, त्यांना खरंच वाटलं की क्लब म्हणजे क्लब. उन्हाळी शिबिराची पावतीही सदस्यत्व नव्हे. सदस्यत्व घ्या, आणि त्याची मुदत रेगाटाच्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे ना, ते तारखेसकट बघा.

ऑप्टिमिस्टचं वय वाढदिवसावर मोजत नाहीत. ज्या वर्षी मूल पंधराचं होतं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतं, पुढे नाही. “दोनच महिने वर आहेत हो” ऐकून कान किटले आहेत.

मित्राची बोट उसनी आणली आणि शिडावर दुसराच नंबर असेल, तर रेस कमिटीची परवानगी आधी घ्या. मोजमापाचे कागद बोटीच्या मालकाकडे कपाटात असून उपयोग नाही, ते सोबत लागतात.

ऑनलाइन फॉर्म गेला म्हणजे प्रवेश पक्का, असंही नाही. पहिली शर्यत सुरू होण्याआधी कारण देऊन नोंद नाकारण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार आयोजकाला आहे, नियम ७६. शेवटच्या रात्री अर्धवट फॉर्म भरून “बाकी उद्या देतो” म्हणणाऱ्या उतावळ्यांसाठी हा नियम मला फार आवडतो.

आणि पालकहो, नियम तुम्हालाही लागू आहेत. नियमपुस्तकात ‘सपोर्ट पर्सन’च्या व्याख्येत कोचबरोबर आईवडीलही येतात. तुम्ही नियम मोडलात तर भुर्दंड मुलाच्या बोटीला बसू शकतो. शर्यत चालू असताना धक्क्यावरून “टॅक घे, टॅक घे” (बोट वळव) असं ओरडणं ही बाहेरची मदत होते. सुनावणीला बोलावलं, तर “मी काय, नुसता बघत होतो” हे उत्तर चालत नाही.