नप ९८ आणि जनुकं: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

केंद्रकछिद्र म्हणजे पेशीकेंद्रकाच्या आवरणातलं ये-जा करण्याचं दार. ते सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांचं बनतं. ही न्यूक्लिओपोरिन, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘नप’. छिद्रांचा आणि सक्रिय जनुकांचा संबंध असावा, ही कल्पना गुंटर ब्लोबेल यांनी १९८५ मध्ये मांडली. २०१० मध्ये फळमाशीवरच्या दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी दाखवलं की नप ९८ सारखी प्रथिनं छिद्रापासून दूर, केंद्रकाच्या आतल्या जनुकांवरही बसतात. म्हणून क्रोमॅटिनवर (प्रथिनांसह गुंडाळलेल्या डीएनएवर) नप सापडलं की जनुक छिद्राला चिकटलेलं आहे, असं लगेच लिहून मोकळं होऊ नका.

सुरुवातीला फळमाशीच्या एस २ पेशी घ्या. २५ अंशांवर वाढतात, कार्बन डायऑक्साइड लागत नाही, आणि सीरम नसलेल्या माध्यमात दुपदरी आरएनए टाकला की पेशी तो स्वतःच आत घेतात; त्याने ठरावीक जनुकाचं प्रथिन बनणं थांबतं (हेच आरएनएआय). जनुक घ्या ‘ईआयपी ७४’. एकडायसोन संप्रेरक दिलं की ते जागं होतं. इथे नप ९८ वर्धक (जनुकाला जोर देणारा डीएनएचा दूरचा भाग) आणि प्रवर्तक (जिथून लेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणं, सुरू होतं) यांची गाठ घालून देतं. ते काढलं तरी चालू असलेलं लेखन फारसं बिघडत नाही. बिघडते ती जनुकाची ‘आठवण’, म्हणजे आधीच्या डोसमुळे पुढच्या डोसला मिळणारा वाढीव प्रतिसाद. त्यामुळे एकदाच संप्रेरक देऊन मोजलंत तर ‘काहीच परिणाम नाही’ असं उत्तर येईल आणि ते चुकीचं असेल. पहिला डोस, काही तासांनी धुणं, साधारण दिवसभर विश्रांती, मग दुसरा डोस: फरक या दुसऱ्या खेपेला दिसतो.

आता खरी मेख. नप ९८ आणि नप ९६ एकाच जनुकातून, एकाच लांब प्रथिनाच्या रूपात तयार होतात आणि ते प्रथिन स्वतःलाच कापून दोन तुकडे करतं. सामाईक भागावर आरएनएआय केलंत तर दोन्ही जातात. नप ९६ छिद्राच्या सांगाड्यातलं. ते गेलं की छिद्रच ढासळतं. उपाय: आरएनएआयला न जुमानणारं, कोडॉन बदललेलं (प्रथिन तेच, जनुकाची अक्षरं वेगळी) फक्त नप ९८ परत घालून पाहायचं. टॅगही (प्रथिन ओळखायची जोडलेली खूण) सुरुवातीच्या टोकाला लावा. लांब प्रथिनाच्या शेवटी लावलात तर तो नप ९६ बरोबर निघून जातो, आणि तुम्ही भलत्याच प्रथिनाचा फोटो काढत बसता.

दुसरा घोळ वाहतुकीचा. छिद्र बिघडलं की आरएनए आत अडकतो आणि जनुकाचं नियमनच बदलल्याचा भास होतो. ऑलिगो-डीटी फिशने (आरएनएच्या ‘ए’ शेपटीला चिकटणाऱ्या चमकत्या खुणेने) पॉली-ए आरएनए केंद्रकात साठतोय का ते बघा, आणि क्यूपीसीआरचे (आरएनएचं प्रमाण मोजायची पद्धत) प्रायमर इंट्रॉनवर (आरएनएमधून नंतर कापला जाणारा भाग) ठेवा, म्हणजे नुकताच लिहिलेला आरएनए मोजला जाईल. आरएनएआयला काही दिवस लागतात, तेवढ्यात दुय्यम परिणाम साचतात. मानवी पेशींत ऑक्सिन डेग्रॉनने (ऑक्सिन दिलं की प्रथिन नष्ट करवणारी जोड) प्रथिन काही तासांत जातं. जमलं तर तोच मार्ग धरा.

चिप (प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते प्रतिपिंडाने शोधायची पद्धत) करताना १% फॉर्माल्डिहाइड १० मिनिटं, मग १२५ मिलिमोलर ग्लायसिन ५ मिनिटं, तुकडे २०० ते ५०० बेसजोड्यांचे. नप बहुधा दुसऱ्या प्रथिनांच्या आधाराने डीएनएवर असतात, म्हणून आधी डीएसजी किंवा ईजीएस या प्रथिनं एकमेकांना जोडणाऱ्या रसायनांनी जोडणी केली तर संकेत सुधारतो. पण ती जास्त झाली की सोनिकेशनला (ध्वनिलहरींनी तुकडे करण्याला) क्रोमॅटिन तुटत नाही. एमएबी ४१४ हे प्रसिद्ध प्रतिपिंड एफजी (फेनिलअ‍ॅलानिन-ग्लायसिन) पुनरावृत्ती असलेली अनेक नप एकदम ओळखतं: केंद्रकाची कड रंगवायला उत्तम, एका नपच्या चिपला निरुपयोगी. आयजीजी (कशालाही खास न चिकटणारं प्रतिपिंड) नियंत्रणावर समाधान मानू नका. जोरात चालणारी जनुकं चिपमध्ये उगाचच चमकतात, तेव्हा नप काढलेल्या पेशींत तोच संकेत खाली येतो का, हे दाखवावंच लागतं.

सूक्ष्मदर्शकाबाबत एवढंच: साध्या कॉन्फोकलची भेदनक्षमता २०० नॅनोमीटरच्या आसपास, तर छिद्राचा व्यास सुमारे १२०. डीएनए फिशचा (जनुकाला चिकटणाऱ्या चमकत्या खुणेचा) ठिपका कडेला दिसला तर ‘परिघाजवळ’ लिहा, ‘छिद्राला लागून’ नको. मोजणी केंद्रकाच्या मधल्या प्रतलातच करा; वरच्या प्रतलात प्रत्येक ठिपका कडेलाच असल्यासारखा दिसतो.