अमेरिकेतलं 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे : या चुका टाळा

घरमालकाने डिपॉझिटचे अठराशे डॉलर दाबून ठेवले म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनचा आमचा एक मित्र फाइल काखोटीला मारून थेट न्यूअर्कच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेला. पाटीवर 'डिस्ट्रिक्ट कोर्ट' लिहिलंय, म्हणजे आपलं जिल्हा न्यायालय, हा त्याचा हिशेब. खिडकीवरच्या बाईंनी गोड बोलून परत पाठवलं. पार्किंगचे पैसे गेले ते वेगळेच.

घोळ होतो तो आपल्या सवयीमुळे. भारतात शिडी एकच. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, खटला खालच्या कोर्टातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात जातो. अमेरिकेत दोन शिड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत, एक फेडरल आणि एक राज्याची. फेडरल डिस्ट्रिक्ट एकूण ९४. अख्खं न्यू जर्सी मिळून एकच डिस्ट्रिक्ट, इमारती मात्र न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅमडेनला. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्कचे चार-चार तुकडे. न्यूयॉर्क शहर तर मधोमध चिरलंय : मॅनहॅटन आणि ब्राँक्स 'सदर्न'मध्ये, ब्रुकलिन, क्वीन्स, स्टेटन आयलंड 'ईस्टर्न'मध्ये. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारा इथला शब्द आहे काउंटी.

फेडरल कोर्टात दिवाणी दावा लावायचा तर मुख्यतः दोन वाटा. एक तर मुद्दा फेडरल कायद्याचा किंवा राज्यघटनेचा हवा. नाहीतर दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर हवी. घटस्फोट, भाडं, मृत्युपत्र, रस्त्यावरचं चलान हे सगळं राज्याकडे. मित्राचं काम शेवटी न्यू ब्रन्सविकला, काउंटीच्या कोर्टात 'स्मॉल क्लेम्स'मध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या विभागात, झालं.

नावावर तर अजिबात जाऊ नका. न्यू जर्सीचं 'सुपीरियर कोर्ट' म्हणजे जिथे साधा खटला उभा राहतो ते. न्यूयॉर्कचं 'सुप्रीम कोर्ट' हेही तसंच. तिथलं सर्वांत वरचं कोर्ट म्हणजे 'कोर्ट ऑफ अपील्स'. टेक्सासमध्ये राज्याचीही 'डिस्ट्रिक्ट कोर्टं' आहेत, त्यामुळे डॅलसमध्ये दोन्ही सापडतात. ज्युरीचं किंवा दुसरं कसलं समन्स आलं तर मथळ्यात 'युनायटेड स्टेट्स' आहे का, ते आधी बघा. आणि इमिग्रेशन कोर्ट यातल्या कुठल्याच शिडीवर नाही. ते फेडरल न्याय खात्याचा भाग आहे.

सरकारी खात्यांत याहून मोठी फसगत. पुण्यातला फ्लॅट विकायचा, भावाच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं, त्यावर अपोस्टिल हवं, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मिळणारा सरकारी शिक्का. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'कडून मिळतं असं कोणीतरी सांगतं, आणि लोक कागद वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे धाडतात. सांगणारा चुकलेला नसतो. केंद्रात हे परराष्ट्रमंत्र्याचं पद, पण त्याच नावाचं पद बहुतेक राज्यांतही असतं, एवढंच. नोटरी राज्य नेमतं, म्हणून अपोस्टिलही त्याच राज्याचं. सही न्यूयॉर्कच्या नोटरीसमोर केली असेल तर न्यू जर्सी ते करून देणार नाही. त्यात न्यू जर्सीत हे काम चक्क ट्रेझरी खातं करतं. एफबीआयचा दाखला असेल तर मात्र वॉशिंग्टनच.

ड्रायव्हिंग लायसन्सचंही तेच. 'डीएमव्ही' (मोटार वाहन खातं) हे नाव सगळीकडे चालत नाही. इलिनॉयमध्ये लायसन्स सेक्रेटरी ऑफ स्टेट देतात. टेक्सासमध्ये ते सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे आहे. तिथल्या डीएमव्हीकडे गाड्यांची नोंदणी.

आपल्यापैकी अनेकांचा फेडरल कोर्टाशी संबंध येऊ शकतो तो नागरिकत्वाच्या शपथेला. मधलं वडिलांचं नाव गाळायचंय, आडनाव बदलायचंय, असं अर्जात लिहिलंत तर बदल मंजूर करणं कोर्टाच्या हातात असतं. मग इमिग्रेशन कार्यालयातली शपथ चालत नाही, कोर्टातल्या समारंभाची वाट बघावी लागते. तारीख हातात येईपर्यंत भारताची तिकिटं काढू नका.